वॉर्डातल्या टीव्हीवर आपला मुलूख

नाना, तुम्ही होतात तेव्हा माझी पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा. त्याच्या तोंडून हे तुम्ही ऐकावं असं मला वाटलं नाही, म्हणून सांगायचं राहून गेलं. आता तुम्हाला जाऊनही खूप वर्षं झाली.

त्या दुष्काळाच्या वर्षी मी इंग्लंडमधल्या एका लहान गावच्या दवाखान्यात नर्स होते. पाथर्डीच्या स्टँडवर मला एसटीत बसवताना तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "थंडी लई असती म्हनत्यात, अंगावर घेत जा." माझ्या वॉर्डात सगळ्या म्हाताऱ्या बायका. त्यातली एक रोज सकाळी माझ्याकडूनच केस विंचरून घ्यायची आणि माझ्या इंग्रजीची टर उडवायची. मला ते आवडायचं, तेवढ्यापुरती मी तिथं परकी नसायचे. मग एका संध्याकाळी वॉर्डातल्या टीव्हीवर आपला मुलूख दिसला. भेगाळलेली जमीन, गुरांचे सांगाडे, डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन चाललेल्या बाया, आणि वर कुणा साहेबाचा दुःखी आवाज. आपलंच गाव की दुसरं, काही कळेना. मी हातात बेडपॅन घेऊन उभी होते आणि प्रत्येक पागोट्याखाली तुम्हाला शोधत होते.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीची थट्टा बंद झाली. आपल्या जेवणातला अर्धा उकडलेला बटाटा ती रुमालात झाकून ठेवायची आणि मी आले की माझ्या हातावर ठेवायची. "खा बाळ, तुमच्याकडे काहीच नसतं ना." मी सांगून पाहिलं, की माझे वडील बाजरी पिकवतात, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, तुझ्यासारखीच लोकांची टर उडवतात. ती नुसता माझा हात थोपटायची. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, माझ्या बोलण्याला काय किंमत? शेवटी मी तिच्यासमोर बसून तो गार बटाटा खाल्ला. ती वाईट नव्हती, नाना. पण पुढे पुढे मलाही तेच दिसायला लागलं. पोस्टमनकडून लिहवून घेतलेल्या तुमच्या पत्रात "सर्व खुशाल" असायचं आणि डोळे मिटले की समोर ते चित्र यायचं.

म्हणून उन्हाळ्यात रजा काढून आले ती बॅगेत दुधाच्या पावडरीचे डबे भरून. तुम्ही चुलीपुढे भाकरी थापत बसला आहात. आई गेल्यापासून तुम्हीच थापायचात, पण या वेळी परातीतलं पीठ तांबडं आहे, रेशनवरच्या अमेरिकेच्या मिलो ज्वारीचं. मी एकेक डबा काढून मांडते आणि तुमचा हात थांबतो.

"हे काय गं?"

"तुमच्यासाठी. तिकडं टीव्हीवर दाखवलं, नाना, इथलं…"

"काय दाखिवलं? आमी मराया टेकलो म्हून?" तुमचा आवाज चढला नव्हता. "दुस्काळी कामावर खडी फोडतोय, पाट्या उचलतोय, घामाचं खातोय. तू लेक म्हून आलीस का दान वाटाया?"

मी रडायला लागले. तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, ती फुगू दिलीत. मग म्हणालात, "आल्ते की ते पिच्चरवाले, तलावाच्या कामावर. बाया त्यांच्याकडं बघून हसाया लागल्या, तर त्यांच्यासंगचा मानूस म्हनला, हसू नका. आता इतक्या बाया एका जागी, न्हाई हसायच्या व्हय?" आणि तुम्हालाच हसू आलं. "फोड एक डबा. गाय गुरांच्या छावनीत हाय, महिना झाला दुधाचा च्या प्यालो न्हाई."

चहा पिताना मी तुम्हाला म्हातारीचं आणि बटाट्याचं सांगितलं. वाटलं, तुम्ही चिडाल.

"खाल्लास ना? बरं केलंस. मायेनं दिल्यालं टाकू न्हाई." मग म्हणालात, "तिला भेटाया कोन येतं?"

"कुणीच नाही. मुलं आहेत, पण येत नाहीत."

"कुनीच न्हाई?" तव्यावरची भाकरी करपत होती, तुमचं लक्ष नव्हतं. "मग तिचं पिच्चर कोन काढतं?"

मी पुढे होऊन भाकरी उलटली. परत गेले तेव्हा तिच्या पलंगावर दुसरी बाई होती. ती गेल्यावर तिच्यासाठी कुणी आलं होतं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पुढे लग्न, मुलं, सगळं इकडेच, इंग्लंडमध्ये झालं. तुम्ही गेलात तेव्हा माझं विमान तुमच्या दहाव्याला पोचलं.

आताही आपल्याकडचं काही टीव्हीवर लागलं, की शेजारची बाई कुंपणावरून विचारते, "तुमच्याकडं असंच असतं ना?" चांगली बाई आहे. पूर्वी मी तिथंच उभी राहून तिला तलावावरच्या हसणाऱ्या बाया सांगायचे, तुमचं सांगायचे. नाना, आता दमायला होतं. हल्ली मी नुसतं "हो" म्हणते आणि आत येते.