पिवळ्या पिशवीतली राखी

शॉमबर्ग, २० ऑगस्ट २००६

ती. ताईस नमस्कार.

आम्ही मजेत. शैलजाच्या टोमॅटोंनी अंगण व्यापलंय, ऋषी माझ्याशी मराठीत फक्त गाडीची किल्ली मागायला बोलतो. नागपुरात पाऊस कसा आहे?

राखी पोचली. तीन वर्षांत पहिलीच. पाकीट झटकून, शिवणीवर फाडून पाहिलं, चिठ्ठी नव्हती. असो.

माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेल्याचं कानावर आलंच असेल. आता मी बंद पडलेली अणुभट्टी सुरक्षितपणे मोडायला शिकतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उमेदवारी! सोबतची पोरं मला 'सर' म्हणतात आणि झाडू हातात देतात. भट्टी थंड करून, धुऊन, तुकडे करून न्यायला वर्षानुवर्षं लागतात. मी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हा तू मात्र 'आता तू आमचा नाहीस' म्हणून एका झटक्यात फोन ठेवलास. तुला इथे थेट मॅनेजर करतील.

आत जाताना अंगावर काही ठेवायचं नसतं. अंगठी, घड्याळ, सगळं बाहेर. मी राखी काढली नाही. हातमोजा वर ओढला की झालं, असं वाटलं. बाहेर पडताना किरणोत्सर्ग तपासणारं यंत्र असं बोंबललं की आख्खी रांग मागे सरकली.

आमची शिकवणारी डेबी धावत आली. "नंदू, व्हॉट इज दॅट?"

"माय सिस्टर," मी म्हणालो. घाबरल्यावर माझं इंग्रजी एवढंच उरतं.

तिनं कात्री लावली. मनगट पुन्हा तपासलं. साफ होतं. म्हणाली, सगळी धूळ दोऱ्यानं घेतलीय. मग राखी पिवळ्या पिशवीत, पिशवी पिंपात. ते पिंप आता दूर वाळवंटात पुरणार. शैलजा म्हणते, "ताईंच्या राखीचं एवढं कडक विसर्जन कुणीच केलं नसेल!" मीही हसलो. डेबीनं माझी चांगली हजेरी घेतली, तेव्हा मात्र मी ऐकत नव्हतो. पिशवीकडे बघत होतो.

ताई, फोन मी दर रविवारी लावतो. तू उचलत नाहीस म्हणून पत्र.

डिसेंबरात सुट्टी आहे. तिकीट काढलेलं नाही. व्हिसा लागेल, हस, हसून घे. पण तो सरकार देईल. दाराशी उभं राहिल्यावर 'ये' म्हणणं तुझ्याच हातात आहे. तेवढा एक शब्द कळव. रागानं लिहिलास तरी चालेल.

पासपोर्ट कुणाचाही असो, तुझाच,
नंदू