चौकोनी प्रोसेसर, लांबट खाच

मी, सुनीती दत्तोपंत आगाशे, वय एकसष्ट, राहणार दहिवली, कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा गोडीगुलाबीला न भुलता, माझ्याच टंकलेखन यंत्रावर लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, बऱ्या व्हाल. पण भाकितांवरचा माझा विश्वास उडाला आहे. कशाने, ते खाली येईलच.

१. राहते घर व बँकेतली ठेव धाकटी बहीण सुचेता हिला. अट एकच: रविवारची सभा या ओटीवर पुन्हा भरू देऊ नये.

२. सभा म्हणजे माझा पुतण्या विष्णू आणि त्याच्या कारखान्यातले दोन मित्र. १९८६ साली मी माझ्या टायपिंगच्या क्लासात संगणक आणला, तेव्हापासून हे तिघे पुढच्या प्रोसेसरची, म्हणजे संगणकाच्या मेंदूची, कुंडली मांडत बसले. दिवाळीला येणार, दुप्पट धावणार, याच मदरबोर्डवर बसणार. दुसरा म्हणे, छे, बोर्डही बदलावा लागणार. शिळी विलायती मासिके एकमेकांच्या नाकासमोर नाचवायची आणि चहा मागायचा. त्या संगणकावर यांपैकी एकानेही साधा रजेचा अर्ज टाइप केला नाही. ती मासिके बंबात घालावीत.

३. माझ्या कपाटातला २८६ प्रोसेसर विष्णूला द्यावा. तो त्याचाच आहे. गेल्या वर्षी मी डोंबिवलीला गेले असताना त्याने क्लासातला संगणक उघडला आणि चालता प्रोसेसर पेचकसाने उपटला. त्या प्रोसेसरचे तारेसारखे पाय मोडले. मग खिशातला नवा, म्हणजे हाच २८६, काढला. नवा चौकोनी, बोर्डावरची खाच लांबट. दोन वर्षे "बसणार, बसणार" म्हणून घसा कोरडा केलेल्या माणसाने खाच एकदाही पाहिली नव्हती! मी परतले तेव्हा तो म्हणाला, "काकू, पुढच्या बोर्डावर नक्की बसेल."

त्याचा मित्र हसत म्हणाला, "याच्यापायी तू लोधिवलीच्या त्या पोरीला परत पाठवलीस रे!"

कोणती पोरगी, हे मी विष्णूकडून वदवून घेतले. जना सखाराम ओव्हाळ. टायपिंगला माझ्या क्लासात पहिली आलेली. ती संगणक शिकण्याबद्दल विचारायला घरी आली, तेव्हा याने ओटीवरच अडवून सांगितले होते, "आत्ता शिकू नकोस. नवा येतोय. हे सगळं भंगारात जाणार." ती का फिरकली नाही, याचा मी वर्षभर विचार करत होते.

४. मी माथेरानला गेले. जनाचा बाप सखाराम तिथे हॉटेलात आचारी. जना मागच्या अंगणात चादरी पिळत होती. सखाराम म्हणाला, "सायेबच थांब म्हनाले, बाई. मग पोरीला घरी बशिवून काय करू? माघात लगीन हाय तिचं."

जनाने चादर खाली ठेवली नाही. "बाई, नवा आला का वो?"

"नाही आला. जुनाच दुरुस्त करून घेतलाय. चल."

तिने बापाकडे पाहिले. त्याने तिच्या हातातली चादर घेतली. मग म्हणाला, "लगीन फुडं ढकलता येतंय. जा."

आज तो संगणक जनाच चालवते आणि तिच्या हाताखाली मुली शिकतात. लग्न झाले, मुलगा तिने स्वतः पाहून. विष्णू आता ४८६ची वाट पाहतो आहे.

५. संगणक, टंकलेखन यंत्रे व क्लासची जागा जनाला. त्यावर विष्णूचा वा इतर कोणाचा हक्क नाही. क्लासच्या दारावरच्या पाटीसाठी मात्र मी मरेपर्यंत थांबले नाही, ती परवाच बदलून घेतली. रंग ओला असतानाच जनाने स्वतःच्या नावावरून बोट फिरवले, त्यामुळे 'ज' फराटला आहे. पेंटर सुधारतो म्हणाला. मी त्याला हाकलले. तो 'ज' कोणीही पुसू नये.

ठिकाण: कर्जत. दिनांक: ९ ऑगस्ट १९८९.
(सही) सुनीती दत्तोपंत आगाशे

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. श्रीपत धोंडी मुकणे, निवृत्त पोस्टमन, दहिवली
२. मालनबाई केशव देशमुख, शिक्षिका, कर्जत