नकटी उपाशी आहे

४ एप्रिल
आमच्या जलसंशोधन केंद्राच्या संचालकबाईंनी सगळ्यांना बोलावलं. तळ्यावरचा आमचा गेल्या वर्षीचा अहवाल दोनशे चौदा पानांचा. तो एकूण तिघांनी वाचला, त्यातला एक बाइंडिंगवाला. बाई म्हणाल्या की जूनअखेर नगरपरिषद ठरवणार, तळं ठेवायचं की बुजवून पार्किंग करायचं. तळं मेलेलं दिसलं तर बुजवणार. लोकांना तळ्याची माया वाटली पाहिजे आणि आकड्यांनी कुणाला माया वाटत नाही. तेव्हा गोष्टी सांगा. कोण सांगेल? सगळे टेबलाकडे बघत बसले. मी म्हणालो, गोष्ट सांगणं म्हणजे माझ्या हातचा मळ. शाळेत वक्तृत्वात मी तिसरा आलो होतो. स्पर्धक चार होते, पण चौथा चांगला होता.
पाण्यातला प्राणवायू आज ५.८. चारच्या खाली मासे कासावीस होतात, दोनच्या खाली मरतात.
संकल्प: रोज सकाळी सहाला उठून एक गोष्ट लिहिणे.

५ एप्रिल, स. ९.४०
उद्यापासून सहाला.

७ एप्रिल
पहिली गोष्ट तयार. ‘विरघळलेल्या प्राणवायूची कहाणी’. घरी वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर हिला गॅस बंद केलाय का ते बघावंसं वाटलं. लेक (वय सात) शेवटपर्यंत टक लावून ऐकत होती. नंतर कळलं की तिला डोळे उघडे ठेवून झोपता येतं. ही म्हणाली, अहो, गोष्टीत कुणीतरी असावं लागतं. हे मला आधीच सुचलं होतं.

८ एप्रिल
नायिका मिळाली. एक मासोळी, चपट्या तोंडाची. लेकीने नाव ठेवलं नकटी. तळाशी घाण कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, नकटीचा जीव गुदमरतो. शास्त्र चोख. लेकीने विचारलं, मासा पाण्यातच राहतो, मग पाण्यात गुदमरेल कसा? चाळीस मिनिटं समजावलं. आकृती काढली. शेवटी ती रडली. नकटीसाठी नव्हे.

९ एप्रिल
तोडगा सापडला. गुदमरणं काढून टाकलं, भूक घातली. भूक सगळ्यांना कळते. एका शब्दाचा फरक, गाभा तोच: नकटीला त्रास आहे.
नमुने घ्यायला होडीतून जाताना नावाड्याला ऐकवली. हा माणूस तीस वर्षं याच तळ्यावर होडी वल्हवतोय. म्हणाला, साहेब, मासे उपाशी कुठे आहेत? नको तेवढं पडतंय आणि तळाशी कुजतंय, म्हणून तर ही पाळी आलीय. जे आहे ते सांगा की सरळ. त्याला कलात्मक सत्य म्हणजे काय ते समजावलं. तो वल्हवत राहिला. गाढवापुढे वाचली गीता.
प्राणवायू ५.७.

१६ एप्रिल
वाचनालयात पहिला प्रयोग. अकरा श्रोते, त्यातले चार पावसाचा अंदाज विचारायला आलेले. तरी ‘नकटीच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नव्हता’ या वाक्याला एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. माझ्यात काहीतरी आहे.

३० एप्रिल
आज साठ जण. खुर्च्या कमी पडल्या. हिला म्हणालो, बघ. ती म्हणाली, बघतेय.

६ मे
डोळे भरून आले. काठावर माणसंच माणसं. इतकी वर्षं तळ्याकडे पाठ करून बसणारे लोक पाण्याशी वाकून बोलत होते. प्रत्येकाच्या हातात पाव. नकटी, ये गं, खा. लेकीनेही डब्यातली अर्धी पोळी टाकली. स्वतःच्या तोंडातला घास काढून देणारी पोर! म्हणालो, शाब्बास.
प्राणवायू ५.१. मीटर जुना झालाय.

११ मे
बेकरीवाल्याने काठावर टेबल मांडलं. पाटी: ‘नकटीसाठी शिळा पाव’. नवा मीटर मागवला. ४.६.

१३ मे
नवा मीटर आला. ४.४. नवेही हल्ली चांगले येत नाहीत.
नावाड्याने तळातून बादली भरून वर काढली. काळा चिखल आणि त्यावर पावाचा लगदा, वास असा की मी नाक धरलं. बादली त्याने माझ्या पायाशीच ठेवून दिली.

१४ मे
निर्णय झाला. बाईंना सगळं सांगणार. आजच.

१४ मे, दु. ४
बाई फोनवर होत्या. मग त्यांनी मला काठावरच्या गर्दीचा फोटो दाखवला. मोठा करून भिंतीवर लावलाय. म्हणाल्या, तीस वर्षांत पहिल्यांदा परिषदेतून आपण होऊन फोन आला. नकटी कशी आहे, विचारत होते. आता कृपा करून एकही आकडा तोंडातून काढायचा नाही. मी म्हणालो, छे, आकडे कुठले!
बाहेर येऊन जिन्यावर बसलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण गोष्टीचा काटा गोष्टीनेच काढता येईल. मी लेखक आहे, मला मार्ग सापडणारच.

१७ मे
दुसरी गोष्ट सांगितली: ‘नकटीचं पोट भरलं’. टाळ्या. लोकांना इतका आनंद झाला की आज काठावर केक आले.

२१ मे
तिसरी: ‘नकटी गेली’. मुळावरच घाव. मधल्या रांगेत हुंदका फुटला, मग दुसरा, मग सगळं वाचनालय. लेक उठून बाहेर गेली. ही माझ्याकडे अशी बघत होती की मी नकटीला त्याच परिच्छेदात पुन्हा जिवंत केलं. अशक्तपणा आलाय, असं सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, तिला दूध-पाव द्या!
प्राणवायू ३.९.

२५ मे
काठावर मोठा कार्यक्रम. मेहुणीने माशाचा पोशाख शिवला, पाठीला चेन. योजना अशी की नगराध्यक्षांसमोर नकटीच्याच तोंडून सांगायचं: पाव टाकू नका. साधं, परिणामकारक.
माशाच्या डोक्यात इतका फोम की माझा आवाज मलाच ऐकू येईना. जितका ओरडलो तितके लोक हसले. पोरांनी तोंडाच्या भोकातून पाव कोंबले. मी गिळले, दुसरा इलाज नव्हता. चेन अडकली आणि मेहुणी बसने घरी गेलेली. दोन ते सहा मी मासा होतो. चार तास ते पाणावलेले, दयाळू चेहरे बघत होतो आणि एकालाही एक शब्द सांगता येत नव्हता. आतून फार भीती वाटली. हे इथेच लिहितोय, आणखी कुणाला सांगण्यासारखं नाही.
शेवटी हिने कात्रीने सोडवलं. म्हणाली, आता तरी सरळ सांगा. उद्या नक्की.

२६ मे
घसा बसलाय.

२ जून, स. ६.१५
(सहाला उठलो. नोंद असावी.)
प्राणवायू २.७. शेकडो मासे वर आलेत, पाण्याबाहेर तोंडं काढून, आ करून. हवेसाठी. काठावर फिरायला आलेले लोक टाळ्या वाजवत होते. नकटी आली! बघा कशी तोंड उघडून मागतेय! पिशव्याच्या पिशव्या रिकाम्या झाल्या. नावाडी होडीतून माझ्याकडे बघत होता. मला तोंड उघडायचं होतं. तेवढ्यात लेकीने हात ओढून विचारलं, बाबा, यातली आपली नकटी कोणती?
मी बोट दाखवलं. ती बघ, म्हणालो. ती डावीकडची.

९ जून
१.६. सगळा काठ पांढरा. वारा नाही म्हणून वास जागचा हलत नाही.

१० जून
लेकीने रुमालात गुंडाळून एक मासा आणला. चपट्या तोंडाचा. विचारलं, ही का? मी म्हणालो, छे, वेडे. नकटी शहाणी आहे. ती पाटातून पोहत वरच्या तळ्यात गेली. लेकीचा चेहरा उजळला. बाप म्हणून निदान एवढं तरी जमलं.

१२ जून
परिषदेने जूनअखेरची वाट पाहिली नाही. तळं बुजवणार. बाईंनी भिंतीवरचा फोटो उतरवला. मला म्हणाल्या, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही जीव ओतून केलंत. मीही तेच म्हणालो. जेवण गेलं नाही.
लेकीने मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी घरोघरी. वरच्या तळ्याची वाट आता सगळ्यांना ठाऊक आहे.

१५ जून
रविवार. लेकीला घेऊन वरच्या तळ्यावर गेलो. अर्ध्या तासाची चाल. रस्ताभर ओळखीचे चेहरे, हातात पिशव्या. माझ्याही हातात होती. नकटीचा बापच रिकाम्या हाताने गेला तर लोक काय म्हणतील? मनाशी ठरवलं होतं की योग्य वेळी, योग्य शब्दांत, सगळं समजावून सांगायचं.
काठावर होडीची जुनी फळी रोवलेली. वर खडूने, वेडंवाकडं: ‘मासे उपाशी नाहीत. पाव कुजतो. पाणी कुजतं. मासे गुदमरून मरतात. खालच्या तळ्यात असंच झालं.’ बाजूला नावाडी बसला होता, विडी ओढत.
ना कथानक, ना पात्र, ना भावना. भाषाही ओबडधोबड.
लोक येत, वाचत, थोडा वेळ उभे राहत आणि पिशवीचं तोंड बांधून परत फिरत. एकानेही पाव टाकला नाही. बेकरीवाल्याने तर पाण्यात पडलेला एक तुकडा काठीने बाहेर काढला.
लेकीने फळीवरचा मजकूर बोट लावून मोठ्याने वाचला. मध्ये अडली नाही, आकृतीही लागली नाही. नकटीसाठी पोळी आणलेल्या डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?
मी म्हणालो, हा विषय जरा गुंतागुंतीचा आहे.
येताना तिने माझा हात धरला नाही. नावाड्याचं बोट धरून ती पुढे चालत होती आणि त्याला काहीतरी विचारत होती. तो थोडक्यात उत्तरं देत होता.
घरी हिने विचारलं, या पावांचं आता काय करायचं? चहाबरोबर मीच खाल्ले. शिळे होते.
प्राणवायू: मोजला नाही.