दुपारची गोळी

अहो,

केम गावाहून निरोप आला. ताईला कळा सुरू झाल्यात, म्हणून मी सकाळच्या गाडीनं निघाले.

मामंजींच्या पायांची सूज का उतरत नाही, ते काल कळलं. बाकीच्या गोळ्या ते घेतात, सकाळची लघवी होण्याची तेवढी मोरीत टाकतात. विचारलं तर म्हणाले, "सकाळी नळावर बायका असत्यात, सूनबाई. त्यांच्यापुढनं सारखं संडासाला कसं जायचं?"

डॉक्टर म्हणाले, ती दुपारी जेवणानंतर घेतली तरी चालेल. तेव्हा चाळ सामसूम असते.

परवा "चोरून खारट खाता, म्हणून सूज हाय" असं तुम्ही त्यांना बोललात.

रातपाळीहून आलात की झोपा, पण दुपारी उठून त्यांच्याबरोबर जेवा. माफी मागणं तुमच्यानं व्हायचं नाही. गोळी आणि पाणी मात्र तुम्हीच हातात द्या.

महादेवी