पातं थांबायची वेळ

बा, माझ्या हातातली बांबूची पट्टी ओढून तू चुलीत घातलीस, तो दिवस मी अजून मनातून सोडलेला नाही. मी तलावासाठी जाळं विणतो आहे, प्रत्येक भोक पट्टीवर मापून घेतो आहे, आणि तू म्हणतोस, "बोटानं वीण. एवढा भेतोस काऊन? पाण्यात टाकल्यावर समजते." आयटीआय अर्धवट सोडून आलो तेव्हाही तुझं तेच होतं, पोरगा भित्रा निघाला.

आता मी बल्लारपुरात यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आहे. तिथे एक चिप असते, कोरी. तिच्या आत कोणती जोडणी हवी ते आपण कॉम्प्युटरवर लिहून द्यायचं. पण आधी मर्यादा लिहाव्या लागतात: कोणती तार कोणत्या पिनला, आणि विजेचा इशारा किती वेळात पोचलाच पाहिजे. माझी पट्टीच ती. जोडणी त्या वेळेत बसली नाही तर पडद्यावर लाल अक्षरं येतात.

मागे कागद कापायच्या यंत्राचा, अशीच चिप असलेला बोर्ड आला होता. कामगाराचा हात आत गेला की पातं थांबवायचं, एवढंच त्याचं काम. लाल अक्षरं जाईनात. मालकांनी माझी मर्यादाच पुसून टाकली. लाल गेलं.

"झालं ना पास? गाडी खाली उभी हाये, दे."

"भाऊ, मर्यादा काढली म्हून त्यानं तपासलंच नाई. चूक आतच हाये."

"तुले भेव वाटते, दुसरं काई नाई."

"हो, वाटते. पात्याखाली हात तुमचा नाई जात, माहा बी नाई जात."

बोर्ड मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. गाडी रिकामी गेली. उद्यापासून येऊ नको, मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी तरी गेलोच. मर्यादा पुन्हा लिहिली, लांबून फिरणारी जोडणी तोडून जवळून नेली. संध्याकाळी लाल गेलं, मर्यादा जागेवर असताना. मालकांनी चहा माझ्यासाठीही सांगितला.

बा, मी अजून भितो, आणि भिऊनच काम करणार. त्याला तुझी परवानगी नको.

तू बोटानं विणलेलं जाळं परवा घरी खुंटीवरून काढून नव्या पट्टीनं मोजलं. भोकं सारखी नाहीत. त्यातलेच मासे खाऊन मी वाढलो. हा कागद त्यातच गुंडाळून ठेवतो आहे. जिंकल्यासारखं वाटावं म्हणून मोजलं होतं. तसं वाटलं नाही.