दाताने तोडलेले दोरे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना जबडा कट्कन वाजला, तोही नमस्कारातच धर.) इकडे सगळे ठीक. तुझ्या प्रकृतीची चौकशी करावी, तर पुढचे दोन दात गेल्यापासून तू फोनवर 'हं' आणि 'उंहूं' याखेरीज काही बोलत नाहीस. आता आमच्या पोरीच्या, तुझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नालाही येणार नाहीस म्हणे. 'हे बोळकं घेऊन फोटोत कुठे उभी राहू?' हा तुझा निरोप ऐकून पोरगी दिवसभर रुसून बसली. तिची समजूत मी काढणार होतो, पण नेमकं तेव्हा माझं तोंड मिटत नव्हतं.

त्याचं असं झालं. एका लठ्ठ वकिलांच्या कोटाचं माप घेताना मला जांभई आली आणि जबडा तसाच अडकला. त्यांना वाटलं, त्यांच्या पोटाचा घेर बघून मी आ वासलाय. ते गळ्यात माझी टेप घेऊनच तरातरा निघून गेले. हिने मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी जबडा जागेवर बसवला, आत डोकावल्या आणि विचारलं, "शिंपी का हो तुम्ही?" पुढच्या दाताला दोऱ्याची खाच पडली होती ना! तुझ्याही त्याच दाताला होती. बाबा त्यांच्या कात्रीला कुणाला हात लावू देत नसत. दोरा तोडायला देवाने दात दिलेत म्हणायचे, आणि आपण दोघांनी जन्मभर ते ऐकलं.

शिवाय मी झोपेत दात खातो. (मशीन चालू राहिलं असं समजून ही कितीदा उठून बघते.) त्यासाठी बाईंनी दातांवर चढवायची एक पारदर्शक टोपी करून दिली. ती घट्ट बसायची. घट्ट गोष्ट सैल कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको, म्हणून ओलं फडकं घालून वरून हलकी इस्त्री फिरवली. टोपीची कॉलर झाली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही शिवलेला कोट गिऱ्हाइकाने घरी नेऊन उसवला तर?" दुसरी टोपी आता निमूट घालतो.

तुझंही विचारलं मी त्यांना. शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का पूल बसवता येतो, नाहीतर हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. आणि दोन्ही नको असतील तर काढघालीची कवळी आहेच. काय सोसेल ते तोंड बघूनच सांगेन म्हणाल्या. पण फार दिवस रिकामी जागा ठेवू नका, बाजूचे दात तिकडे कलतात, असंही म्हणाल्या. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. दातांचं राहू दे, तुझं घरात बसणं मला बघवत नाही. तू हसलीस की दुकानातली गिऱ्हाइकं कारण न कळताही हसायची. 'हसतील त्यांचे दात दिसतील' हे तूच मला शिकवलंस, आणि आता तूच हाताआड तोंड लपवतेस.

बाकी सर्व ठीक. वडिलकीच्या नात्याने रागवायचं असेल तर फोनवर रागव, निदान आवाज तरी ऐकू येईल.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंकडे लग्नाच्या आधीची वेळ तुझ्या नावाने घेऊन ठेवली आहे. न विचारता घेतली.

आणखी ता. क. एक सांगायचं राहिलं. पोरीच्या लग्नासाठी तुझे कपडे शिवताना माझा तो खाचेचा दात मोडला. बाई लगेच बसवून देत होत्या, मी नको म्हणालो. (ही मला वेडा म्हणते.) तू लग्नाला येशील तशी ये, दातांसकट किंवा दातांशिवाय, फोटोत तुझ्याशेजारी मी तोंडभर हसत उभा राहणार आहे. कपडे तयार आहेत, शेवटचा दोरा तेवढा लोंबतोय. तो तोडायला मला दात नाही, आणि बाबांची कात्री तुझ्याकडे आहे. ती घेऊन ये.