दारातले चार जोड

मेलेल्या माणसाची सही कशी आणतात, ते आधी सांग. मी तुझ्या कचेरीला साधं पत्र लिहिलं, की माझ्या घरात चार माणसं लिहिलीत ती चूक आहे, मी एकटी आहे. त्यावर छापील कागद आला: बदल हवा असल्यास चारही रहिवाशांच्या सह्या लागतील. दोघांच्या सह्या आणायला मला वर जावं लागेल, आणि तिथून टपाल येत नाही. वर शिक्का तुझ्याच विभागाचा! नातीने आजीला शिक्का मारला.

असो. चि. भिंगरीला आजीचे आशीर्वाद. रागात दिलेत, पण पूर्ण दिलेत. खोकला गेला का? माझा उजवा गुडघा बरा आहे, म्हणजे डावा इतका दुखतो की उजव्याकडे लक्ष जात नाही.

मागच्या खेपेला तू तुझं काम समजावलं होतंस, ते मी विसरलेली नाही (चार बुकं शिकले, पण चारही लक्षात आहेत). शत्रूचं क्षेपणास्त्र आलं की आपलं जाऊन त्याला वरच्या वर फोडतं. पण तुकडे काही वर राहत नाहीत. ते कुठे पडतील, खाली किती माणसं असतील, हे तुमचं सॉफ्टवेअर हजार वेळा खोटं खोटं फोडून बघतं, आणि खाली माणसं कमी असतील तिथे खरं फोडायचं ठरवतं. एवढी अक्कल तुझ्या आजोबांना असती तर गच्चीवरून बादली ओतताना त्यांनी पोस्टमनला दोनदा भिजवलं नसतं.

तर खाली किती माणसं ते घरोघरी मोजायला तुमची मोजणीवाली आली तेव्हा मी मागे कपडे वाळत घालत होते. तिने दारातले जोड मोजले. माझ्या चपला, आजोबांचे सँडल, तुझ्या बापाचे कारखान्यातले बूट आणि तुझे शाळेचे. एकट्या बाईच्या दारात पुरुषाचं पायताण दिसलं की चोर दोनदा विचार करतो, म्हणून ठेवलेत. दर आठवड्याला पुसते, कारण धूळ चुगली करते. दुसरं काही कारण नाही. जाताना ती पोरगी ओरडली, "चार ना, आजी?" मी हो म्हटलं. तोंडातून गेलं.

समोरच्या शिंपिणीकडे सात माणसं आहेत. पण मालकाने खोली दोघांनाच दिलीय, म्हणून मोजणी आली कळताच पाच जोड शिलाई मशीनखाली गेले. पुढे पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर तुमचा नकाशा लागला. माझं घर लालभडक, तिचं फिकट. शिंपीण हरखली. "आजी, आमच्यावर काही पडायचं नाही, बघा कसं स्वच्छ दाखवलंय!" मी म्हटलं, "अगं बये, फिकट म्हणजे रिकामं. पाडायची वेळ आली तर तुकडे तिथेच पाडतील." तिने ओठात धरलेली टाचणी संध्याकाळपर्यंत काढली नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत एकदम माणसं वाढली. एकट्या राहणाऱ्या न्हाव्याने बावीस सांगितली (खुर्च्या धरल्या असाव्यात). शिंपिणीला मात्र तोंड उघडायची सोय नाही. सात म्हणाली तर मालक बाहेर काढतो, दोन म्हणाली तर आभाळ पडतं.

म्हणून मी तिघांचे जोड उचलले आणि तिच्या उंबऱ्यापाशी नेऊन मांडले. मालक आलाच. "ही तीन माणसं कुठून आली?" मी म्हटलं, "दोघं वारलीत, एक परगावी असते. काढ बाहेर." तो बुटांकडे बघून निघून गेला. तुझ्या बापाला तो ओळखत होता.

जोड मी हलवले, नोंद तू हलव. माझी तीन तिच्याकडे लिही. तिची दोन आणि ही तीन, पाच झाली. उरलेल्या दोघांचं तुझ्या अकलेने बघ, तुझ्या शिक्षणाचा घरी काही उपयोग होऊ दे. माझ्याकडे एक लिही. घर फिकट झालं तर होऊ दे. तिच्याकडे धाकटं रांगतंय. माझं रांगून झालंय.

दारात आता एकच जोड आहे. चोर आलाच तर त्याला बसवून चहा करीन. तेवढंच कुणी बोलायला.

ता. क. शिंपिणीच्या मोठीला तुझे बूट बसले. आता ती घालून शाळेत जाते. परत मागू नकोस.

ता. क. दुसरा. हजार वेळा फोडून बघता त्यात मी किती वेळा मेले, ते कळवू नकोस. मेलेल्याला हिशेब कशाला. त्या हजारांत तू घरी आलेली किती वेळा होतीस, तेवढं बघ. एकदा तरी असशील.

ता. क. तिसरा. सह्यांचं मी बघितलंय. दोघांच्या जागी त्यांचे मृत्यूचे दाखले जोडलेत. माझी सही खाली आहे (अंगठा नाही, सही, नीट बघ). चौथी तुझी. ती टपालाने चालत नाही, इथे समक्ष करावी लागते. हा नियम कागदात नाही, माझा आहे. तेव्हा ह्या पत्राला साहेबाने उत्तर द्यायचं नाही, कारकुनाने नाही, शिक्क्याने तर मुळीच नाही. तू द्यायचं, आणि दार वाजवून.